मागच्या खोलीतल्या बाई

माझी धाकटी जाऊ आमच्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. खाली आम्ही, वर ते तिघं: ती, माझा दीर आणि त्यांचा मुलगा. मुलाला सगळे राघू म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. जिन्यात भेटला की बाजाराची पिशवी दाराशी टेकेपर्यंत माझ्यामागे प्रश्नांची रांग लावायचा.

शाळेत घातलं आणि राघू गप्प झाला. तिथे कुणी मारलं नाही की छळलं नाही. वर्ग गच्च भरलेला आणि हा शेवटच्या बाकावर, एवढंच. आधी शाळेत बोलेना, मग घरी आल्यावर बोलेना, मग जेवतानासुद्धा मान खाली. धाकटीने बरीच वाट पाहिली, देवाजवळ मागणं मागितलं आणि एक दिवस मला म्हणाली, "ताई, मी त्याला घरीच शिकवते."

दीर लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस मनाने चांगला, पण ज्याला बटण नाही अशा गोष्टीवर त्याचा फारसा भरवसा नाही. तो म्हणाला, "एक वर्ष बघू. पोरगा बोलता-वाचता झाला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी परत शाळा, आणि मग रडारड नको." नातेवाइकांना तर आयताच विषय मिळाला. आमच्या चुलतसासूबाई हसत हसत म्हणाल्या, "बरं झालं गं, आई शाळा घेणार. मग आता स्वयंपाकाला शाळेतल्या बाई येणार वाटतं?"

अशा बोलण्याने माणूस ताठ होतो. धाकटीही झाली. शिकवायचं तर शाळेसारखं शिकवायचं, कुणाला बोट ठेवायला जागा नको, असं तिने मनाशी धरलं. त्यांच्या मागच्या खोलीला जिन्याकडे उघडणारं वेगळं दार आहे. तिथली अडगळ काढून तिने भिंतीला फळा ठोकला, टेबल-खुर्ची मांडली, गजराच्या घड्याळाची घंटा केली. सकाळी राघूने दप्तर घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचं आणि वळसा घालून मागच्या दाराने वर्गात यायचं. तोवर ही स्वयंपाकघरातून आतल्या दाराने तिथे जाऊन, घट्ट अंबाडा बांधून, चष्मा चढवून खुर्चीत बसलेली. त्या खोलीत 'आई' म्हणायचं नाही. 'बाई' म्हणायचं.

सुरुवातीला राघू खूश होता. खेळच तो. पण दर रविवारी दीर विचारायचा, "काय, कुठवर आलं?" जणू एखादा सुटा भाग कधी येतोय ते विचारावं. मग सोमवारी बाईंचा आवाज चढायचा आणि गृहपाठ वाढायचा. मुलगा पाटीवर बरोबर उत्तर लिहायचा, पण मोठ्याने वाच म्हटलं की ओठ मिटून बसायचा. वर्ष संपत आलं होतं. धाकटी मला विचारायची, "ताई, हा मुद्दाम करतो का हो?"

"अगं, मुद्दाम करायला तो काय तुझी चुलतसासू आहे?" मी म्हणायचे. ती हसायची, पण ते हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

एकदा मी माझी चाळण आणायला वर गेले होते. तिचा वर्ग चालू होता, म्हणून ती मोकळी होईपर्यंत स्वयंपाकघरात तिच्या मटाराच्या शेंगा सोलत बसले. आतलं दार अर्धं उघडं होतं. राघू जागेवरून उठला, टेबलापाशी गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"बाई, मी घरी जाऊ?"

"का रे? अजून सुट्टी नाही झाली."

"कान दुखतोय."

"फार दुखतोय?"

"हो. आईला सांगायचंय."

आई समोरच बसली होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मला वाटलं, आता ती त्याला ओढून कुशीत घेईल, "अरे वेड्या, मीच ना ती," म्हणेल. तिने तसं केलं नाही. का ते मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "त्याला आई त्या खुर्चीत नको होती, ताई. घरी हवी होती."

ती एवढंच म्हणाली, "जा बाळा घरी."

राघूने पेन्सिल, खोडरबर, पाटी सगळं नीट दप्तरात भरलं. घाई नाही, गडबड नाही. मागच्या दाराने तो बाहेर पडला. दार लागलं मात्र, आणि धाकटी धावत सुटली. चष्मा काढून तिने माझ्या मांडीवर टाकला, तो शेंगांत जाऊन पडला. चालता चालता अंबाड्याच्या पिना उपसल्या, एक चप्पल वाटेतच राहिली. पुढच्या दाराच्या कडीवर हात ठेवून ती धापा टाकत उभी राहिली. दारावरची बेल वाजली.

"आई, माझा कान दुखतोय."

"ये रे माझ्या राजा."

ती उंबऱ्याशीच खाली बसली आणि तो तिच्या कुशीत शिरला. मग मात्र रडला, अगदी हुंदके देऊन. रडू ओसरल्यावर तिने त्याच्या पाठीवर हात फिरवत विचारलं, "बाईंनी सोडलं वाटतं?"

"सोडलं. बाई वाईट नाहीत गं. पण त्यांना ना, सारखी घाई असते."

धाकटीने त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले. दुपारी राघू झोपल्यावर ती खाली आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली. "हरले हो मी. आज यांना सांगून टाकते, घाला शाळेत. तिथेही बाईच आणि इथेही बाईच."

"आज कुणाला काही सांगू नकोस," मी म्हटलं. "आज फक्त कानात औषध घाल."

घरी मुलांना शिकवणाऱ्या ज्या आया हे वाचतील, त्यांनाही मला एवढंच सांगावंसं वाटतं. लोकांना दाखवायला म्हणून जे करावं लागतं, ते आधी आपल्याला दमवतं आणि मग लेकराला. देवाने मुलाच्या वाट्याला आई आधी दिली आहे. तिच्याजवळ बसून तो जे शिकेल ते शिकेल, आणि एखाद्या दिवशी काहीच शिकला नाही तरी तो दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

कान बरा होईपर्यंत मागची खोली बंदच राहिली. राघू कानात कापूस घालून आईच्या मागे मागे फिरायचा. ती भाजी चिरायची, तो स्टुलावर. दुसऱ्या दिवशी त्याने औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवून, अडखळत पण मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "आई, यावर दोन थेंब लिहिलंय. तू तीन घातलेस."

"एक चुकून पडला रे."

"बघून घालत जा."

त्यानंतर नळ उघडावा तसं झालं. कापूस घातला की तुझा आवाज बारीक येतो आणि माझा मोठा, असं का? कांद्याचा वास कापसातून कानात जातो का? धाकटीला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. दोघं पुस्तकात शोधायची, नाही सापडलं तर मला विचारायला खाली यायची, आणि मलाही येत नसे.

एका सकाळी त्याने विचारलं, "आज बाई येणार नाहीत?"

"त्यांची बदली झाली."

"कुठे?"

"लांब."

"मग मला शिकवणार कोण?"

"मी शिकवलं तर?"

त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला येतं?"

"थोडं येतं. अडलं की दोघं मिळून शोधू."

"बघू," राघू म्हणाला, अगदी बापासारखा.

त्या रविवारी आम्ही जेवायला वर होतो. दीर पहिला घास घेतोय तोच राघूने सुरू केलं, "बाबा, लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं काय करतात?"

"बटणं दाबतात. सगळीच्या सगळी."

"मग?"

"मग मला शिव्या देतात."

"तुला ऐकू येतात?"

दिराचा हात ताटातच थांबला. बऱ्याच दिवसांत मुलाने त्याला काही विचारलं नव्हतं. मग तो सांगत सुटला, तारा, वजनं, ब्रेक, आणि राघू प्रत्येक वाक्याला शेपूट लावत गेला. वाढलेलं गार झालं. हात धुताना दीर धाकटीला म्हणाला, "पुढच्या वर्षी शाळा नको. राहू दे घरीच. पण गणित मी घेणार."

धाकटीने नळ बंद केला आणि जरा वेळ तोंडाशी टॉवेल धरला.

पुढच्या सुट्टीला गणित सुरू झालं. छतातून आवाज यायला लागले, आधी समजावणीचे, मग चढे. थोड्या वेळाने दीर माझ्या दारात, चेहरा लाल.

"वहिनी, सातात आठ मिळव म्हटलं तर विचारतो, सातच का. आठ सांगितले असते तर चाललं नसतं का, म्हणतो. ही रोज कसं हो करते हे?"

"तिलाच विचारा, भावजी."

तो तसाच उभा राहिला, मान खाजवली आणि वर गेला. त्याने तिला विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा बाप-लेक सिंकपाशी भांडी घासत होते आणि फेसात हात घालून सातात आठ मिळवण्यावरून वाद घालत होते. धाकटी खिडकीशी बसली होती. तिच्या हातात काही काम नव्हतं आणि ती उठायचं नावही घेत नव्हती.