तारीख मुंढ्यात गेली

ब्लाउजवालीचं घर सरकारी जागेवर आहे, हे सरकार तिला दर दोन वर्षांनी न चुकता कळवत असे. ‘सात दिवसांत जागा खाली करा.’ शेजारीपाजारी नोटीस चुलीत घालत. ही मात्र जपून ठेवी. कायद्याला भिऊन नव्हे. इतका जाड, करकरीत कागद बाजारात मिळत नाही म्हणून. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप कागदावर कापून ठेवायची तिची पद्धत. तेवीस वर्षं सरकारने तिला फुकट कागद पुरवला आणि वस्तीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्या हुकमांवर बेतले गेले.

मग एके दिवशी सरकारला पान्हा फुटला. जो राहतो त्याच्या नावावर जागा! फक्त वीस वर्षं राहत असल्याचा पुरावा आणा. कुठला? तर आम्हीच दिलेल्या नोटिसा. ज्या कागदाने हाकलायचं त्याच कागदाने बसवायचं, असलं डोकं कचेरीतच चालतं. शेजाऱ्यांनी कपाळावर हात मारला. ब्लाउजवालीने पेटी उघडली. नोटिसा होत्या, पण कुणाची बाही झाली होती, कुणाची पाठ.

सगळ्यात जुनी नोटीस तिने धावदोऱ्याने जोडली आणि कचेरीत साहेबांपुढे पसरली. उमेदीच्या काळात याच साहेबांनी ती दारावर डकवली होती.

“सही माझीच,” साहेब म्हणाले. “तारीख कुठंय?”

“मुंढ्यात गेली.”

“कशात?”

“काखेत, साहेब. तिथं कापावंच लागतं, नाहीतर हात वर होत नाही.”

“तारखेशिवाय चालत नाही, बाई. न्या हे.”

कपटाभर कागदापायी घर जाणार म्हटल्यावर तिला रडू नाही, संताप आला. तिने नोटीस उलटी केली. मागे तिच्याच अक्षरात छाती, कंबर, गिऱ्हाइकाचं नाव आणि ब्लाउज द्यायची तारीख. बावीस वर्षांपूर्वीची.

“तुमच्या लग्नानंतरचा वहिनींचा पहिला ब्लाउज,” ती म्हणाली. “तारीख खोटी वाटली तर त्यांनाच विचारा.”

साहेबांचे कान लाल झाले. शेजारच्या कारकुनाने मान लांब केली, तसा साहेबांनी कागदावर पंजा ठेवला.

“हे मी फायलीला कसं लावू?”

“सही वर ठेवून लावा.”

साहेबांनी मंजुरीवर सही ठोकली. जागा तिच्या नावावर झाली. दारापर्यंत जाऊन ती वळली.

“वहिनींना पाठवा हं, माप आता नव्याने घ्यावं लागेल. आणि साहेब, एखादी कोरी नोटीस असेल तर द्या. आता आमच्याकडे येणं बंद होणार.”