दहावं डोकं देवाचं

चर्चच्या मंडळीतले लोक त्याला ‘दशमांशवाला’ म्हणत. धंद्याने न्हावी. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीलगत बाकडं, एवढंच दुकान. आईने लहानपणीच त्याच्या मनावर बिंबवलं होतं: मेंढपाळ कळप काठीखालून सोडतो, आणि दहावं येईल ते जनावर देवाचं. धडधाकट असो की लंगडं, अदलाबदल करायची नाही. दुकान थाटलं तेव्हा त्याने ठरवलं, आपला कळप म्हणजे ही डोकी. दहाव्या गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

सुरुवातीला तो अगदी सचोटीने वागला. पण एका शनिवारी दहावा आला तो दाट केसांचा. दाढी, मालीश, सगळंच हवं असलेला. शेजारी निवृत्त मास्तर बसले होते. त्यांचं डोकं म्हणजे नदीतला गोटा, कानांवर तेवढी झालर.

“मास्तर, तुम्ही या आधी. दोन मिनिटांचं काम तुमचं.”

देवाचंही झालं, वेळही वाचला, आणि दाट केसांवाला अकरावा होऊन पैसे देऊन गेला. मग ती वाटच पडली. मास्तर नसले तर एखाद्याचं तान्हं पोर. मन टोचायचं, पण तो मनालाच दटावायचा, आकडा तर बरोबर आहे ना! धंदा वाढत होता. लोक म्हणत, “देवाचा हात आहे याच्यावर.”

शेवटी पाळकांनी सांगितलं, “येत्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दे, चार शब्द बोल. देणाऱ्याला देव कसा भरभरून देतो, ते लोकांना तुझ्या तोंडून कळू दे.” तो हुरळून गेला.

आदल्या दिवशी दुकान गच्च भरलं होतं. नववा उठला. पुढचा नंबर एका म्हाताऱ्याचा होता. बरेच महिने इस्पितळात काढून आलेला, केसांच्या जटा झालेल्या, अंगाला औषधांचा वास. मुलगी त्याचा दंड धरून त्याला उठवू लागली.

“आजोबा, जरा दम धरा,” न्हाव्याची जीभ सवयीने वळली. “मास्तर, या.”

“अरे, नंबर त्यांचा आहे.”

“तुम्हाला असा कितीसा वेळ लागतो? या हो!”

मास्तर खुर्चीत बसले. आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाले, “काय रे, आज पुन्हा मीच देवाचा?”

कात्री थांबली.

“इतकी वर्षं देवाच्या वाट्याला माझं टक्कलच येतंय. केसाळ माणसांशी त्याचं वाकडं आहे का?”

बाकड्यावर हशा पिकला. म्हाताऱ्याला काही उमगलं नव्हतं. “होऊ द्या मास्तरांचं,” तो म्हणाला, “मला कुठं गाडी पकडायचीय?”

न्हाव्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नंतर म्हाताऱ्याच्या जटा सोडवताना त्याला आरशात बघवेना. काम संपल्यावर पुटपुटला, “पैसे राहू द्या.”

“का?” मुलगी म्हणाली. “दहावे तर मास्तर होते ना?” आणि तिने पैसे त्याच्या हातावर ठेवले.

म्हातारा मात्र खुशीत होता. “उद्या येतो हं, तुझी साक्ष ऐकायला.”

रविवारी न्हावी उभा राहिला तेव्हा त्याने सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. नाव गेलं तर गेलं. पण शब्द भलतेच निघाले. “मी देवाला नुसती टकलं दिली. केसाळ डोकी माझ्यासाठी ठेवली.”

मंडळी खो खो हसली. “वा रे दशमांशवाल्या!” मागून कोणीतरी ओरडलं.

“हसू नका हो, खरंच सांगतोय! काल हे आजोबा...” त्याने पुढच्या रांगेकडे बोट केलं. आपलं कौतुक चाललंय असं वाटून म्हाताऱ्याने अर्धवट उठून सगळ्यांना हात जोडले.  न्हावी मटकन खाली बसला.

“पाहिलंत?” पाळक म्हणाले. “नम्रता म्हणतात ती हीच!”

बाहेर मास्तरांनी त्याला गाठलं. “बोललास म्हणायचं.”

“बोललो कुठं मास्तर? कुणाला पटलंच नाही.”

“ज्याला सांगायला हवं, त्याला सांग की.”

म्हातारा मुलीचा हात धरून पायऱ्या उतरत होता. न्हावी मागून गेला. मुलीने त्याचा चेहरा पाहिला आणि बापाला पायरीवर बसवलं. न्हावी उभ्याउभ्याच बोलला, मान खाली घालून, सगळं. वासाची शिसारी आली होती तेसुद्धा. या वेळी कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हनुवटीवरून हात फिरवत तो म्हणाला, “दाढी वाढली की येईन. कितवा का असेना, माझ्या नंबरालाच बसव.”