वाटाण्याएवढी गोळी

इस्पितळाच्या तळघरात, बेसिनपाशी, प्लॅस्टिकचा जाड डबा कडेवर घेऊन ती उभी होती आणि हसत त्याला म्हणत होती, "पोटोबा, ढेकर द्या बघू." डब्यात पाणी, पाण्यात लहानमोठ्या काचेच्या पोकळ गोळ्या, आणि गोळ्यांत किरणं सोडणारं औषध. त्यांत अडकलेली हवा सुटावी म्हणून ती टिचक्या मारत होती. चारदोन टिचक्या झाल्या, की डबा स्कॅनरच्या पलंगावर. पोटोबा म्हणजे यंत्राची परीक्षा घेणारा खोटा रोगी, आणि गोळ्या म्हणजे त्याच्या गाठी.

तिचं खरं काम वरच्या मजल्यावर, संगणकापुढे. त्या स्कॅनरची हुबेहूब नक्कल तिने संगणकात उभी केली होती. नक्कल खरी की नुसती देखणी, हे ठरवायची एकच रीत. पोटोबा यंत्रातही घालायचा, नकलेतही घालायचा, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची.

मोठ्या गोळ्या पहिल्याच खेपेला जुळल्या. सगळ्यांत लहान, वाटाण्याएवढी गोळी मात्र अडून बसली. नकलेत ती लख्ख दिसे, यंत्रात धुरकट. नक्कल फाजील शहाणी झाली आहे, यंत्राला दिसत नाही ते तिला दिसतंय, असं तिने ठरवलं. यंत्र समोर उभं होतं, टनावारी लोखंडाचं. नक्कल आपणच लिहिलेली. मग चूक कुणाची, हा प्रश्नच तिला पडला नाही. नकलेतली किरणं टिपणारी नजर तिने जरा मंद केली, इथे चिमूटभर, तिथे चिमूटभर. गोळी धुरकट झाली. चित्रं चपखल जुळली. विभागप्रमुखांनी सगळ्यांना चहा पाजला.

पुढे त्यांनीच नकलेला एक प्रश्न घातला. बाहेर बाकांवर रोगी ताटकळतात. प्रत्येकाला यंत्रात निम्माच वेळ ठेवलं तर काय बिघडेल? नकलेचं उत्तर आलं, काही नाही. मोठ्या गाठी तरीही दिसतील, आणि वाटाण्याएवढी तर पूर्ण वेळ देऊनही दिसत नाही. वेळ निम्मा झाला. रांग हलली. लोक तिला दुवा देऊ लागले.

त्या रांगेत तिची ताईही होती. आई गेल्यावर धाकटीच्या वेण्या घालून तिला शाळेत धाडणारी ती ताई. ताईची कॅन्सरची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. मागे काही उरलं आहे का, एवढंच पाहायचं होतं. चित्र निर्मळ आलं. त्या दिवशी दोघी पायीच घरी गेल्या, वाटेत उगाचच हसत.

वर्ष फिरायच्या आत ताईच्या यकृतात लिंबाएवढी गाठ सापडली. जुनं चित्र पुन्हा उघडलं, तेव्हा त्या जागी नुसते करडे ठिपके होते. त्यांत काही होतं की नव्हतं, सांगता येत नव्हतं.

ती तडक तळघरात गेली. पोटोबा नेहमीसारखा भरला, पण या वेळी उलटासुलटा करून उजेडात धरला. झाकणाच्या सावलीत, लहान गोळीच्या माथ्याशी, हवेचा टपोरा बुडबुडा निम्मी गोळी अडवून बसला होता. टिचक्यांना तो दाद देईना. सुईने ओढून काढावा लागला. मग पूर्ण वेळ देऊन चित्र घेतलं, आणि वाटाणा लख्ख उजळला, तिच्या अगदी पहिल्या नकलेत दिसला होता तसाच. नक्कल खरं सांगत होती. तिनेच तिला एका बुडबुड्याच्या भरवशावर आंधळी केली होती.

दोन्ही चित्रं तिने प्रमुखांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. म्हणाले, "हवा कुणाच्याही डब्यात राहू शकते, बाई."

"हवेचं नाही, सर. जुळत नव्हतं तेव्हा मी पुन्हा मोजायला हवं होतं. मी जुळवून घेतलं."

वेळ पूर्ववत झाला. निम्म्या वेळात तपासलेल्यांना परत बोलावलं. बरेच आले. काहींच्या घरून निरोप आला, की आता उपयोग नाही.

ताईला सांगायचं राहिलं होतं. तिच्या उशाशी बसून धाकटीने सगळं सांगितलं, बुडबुड्यापासून.

"म्हणजे तेव्हाच दिसलं असतं?" ताईने विचारलं.

"बहुतेक दिसलं असतं, ताई."

ताईने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "गणित सुटलं नाही की तू पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून पायऱ्या लिहायचीस, चिमे. मला माहीत होतं. बाईंना सांगायला हवं होतं मी."

एवढं बोलून तिने पाणी मागितलं. माफ केलं की नाही, ते ती शेवटपर्यंत बोलली नाही, आणि धाकटीला विचारवलं नाही. थंडी सरता सरता ताई गेली.

धाकटी अजून त्याच इस्पितळात आहे. पोटोबा तीच भरते, पण त्याच्याशी बोलत नाही. भरून झाला की दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते, आणि तो माणूस डबा उजेडात फिरवून "ठीक आहे" म्हणेपर्यंत तिथेच उभी राहते.