मागून सांगितलेला शब्द

माझी ताई एकदा ऐकलेलं विसरत नसे. नाशिकच्या मुलींच्या शाळेत ती माझ्या दोन इयत्ता पुढे होती. त्यामुळे मी नव्या वर्गात गेले की बाई म्हणायच्या, "तिची धाकटी बहीण ना तू? मग तुला एकदा सांगितलं की पुरे." मला चारदा सांगावं लागे.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून होते. घरी आले की टोपी खुंटीला अडकवून ते ताईलाच विचारत, "मागच्या सोमवारी आपल्याकडे कोण आलं होतं गं?" ती नाव सांगे, काय बोलणं झालं ते सांगे, पाहुण्यांनी चहात साखर कमी मागितली होती तेही सांगे. मी तिथेच पाटी पुसत बसलेली असे. ताई माझ्यापेक्षा गोरी होती, तिचे केस लांब होते, त्याचं मला काही वाटत नसे. पण अण्णा माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघत, ते मला सोसत नसे. हिला चांगला ताप यावा आणि हिचं सगळं पाठांतर पुसून जावं, असं मी एकदा देवापुढे हात जोडून मागितलंही होतं.

मी दहा वर्षांची असताना शाळा तपासायला साहेब आले. साऱ्या शाळेला एकत्र बसवलं होतं, तिथे साहेबांसमोर ताईनं चौदा कडव्यांची कविता म्हटली आणि बक्षीस म्हणून तिला खणाचं कापड मिळालं. त्या दिवसाची हकिगत मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. ती अशी : मी दुसऱ्या रांगेत, बरोबर ताईच्या मागे बसले होते. नवव्या कडव्याला ती थांबली. तिचे कान लाल झाले. साहेबांनी मान वर केली. मग मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "नौका." आणि तिची गाडी सुरू झाली.

ही हकिगत मी गल्लीतल्या मुलींना सांगितली, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना सांगितली, मालेगावच्या आत्याला तर दोनदा सांगितली. पहिल्यांदा ताई म्हणाली, "तू सांगितलास? मला नाही आठवत." मी म्हटलं, "तुला कसं आठवेल? तू घाबरली होतीस." ताईला एखादी गोष्ट आठवत नाही आणि मला आठवते, असं घरात प्रथमच झालं. आत्या हसून म्हणाली, "म्हणजे खरी हुशार धाकटीच की!" अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी ती हकिगत सोडलीच नाही.

पुढच्या वर्षी गॅदरिंगला बाईंनी ताईला कविता म्हणायला सांगितलं. ती नको म्हणाली. "मी मध्येच अडकते, बाई," ती म्हणाली, "मागच्या खेपेला धाकटीनं सांगितलं म्हणून निभावलं." मी दारात उभी होते. मला तिची कीव यायला हवी होती, पण मनातून गार गार वाटलं. त्यानंतर ताईनं चारचौघांत पुन्हा कधी काही म्हटलं नाही.

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा ताईचं लग्न ठरलं. घराला चुना लावायचा म्हणून सामान बाहेर काढलं. अण्णा आलेली पत्रं एका तारेत ओवून ठेवत. ती तार झटकताना एक पोस्टकार्ड खाली पडलं. अक्षर माझंच, लहानपणचं, मोठमोठं. वर गाव लिहिलं होतं : पेठ.

गोवर येऊन गेल्यावर हवापालटासाठी मला पेठला मामाकडे ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. ते नेमकं कधी, हे मात्र मी कधी ताडून पाहिलं नव्हतं. कार्डात लिहिलं होतं : "तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र पोचले. साहेबांसमोर ताई नवव्या कडव्याला थांबली व मग तिची तिनेच पुढे म्हटली, हे वाचले. मी तिथे असते तर मागून शब्द सांगितला असता."

मी ते चारदा वाचलं. त्या दिवशी मी शाळेत नव्हतेच. नाशिकातही नव्हते. अण्णांना हे माहीत असणार, तरी त्यांनी मला कधी टोकलं नव्हतं. मग ताईचे लाल झालेले कान मी कुठे पाहिले? साहेबांनी वर केलेली मान? आजही डोळे मिटले तर दोन्ही दिसतात. मी जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते, हे शपथेवर सांगते. सांगताना कधीतरी "सांगितला असता" मधलं "असता" गळून पडलं होतं आणि मला पत्ताच लागला नव्हता.

तरी मी ते कार्ड ताईला दाखवलं नाही. माझ्या परकराच्या घडीत लपवलं. लग्न होऊन ती सासरी जाईपर्यंत तरी ती गोष्ट माझी राहावी, एवढंच मला वाटत होतं.

दिवाळसणाला ती माहेरी आली. दुपारी आम्ही दोघी मागच्या ओट्यावर शेंगा सोलत होतो. ती आपणहून म्हणाली, "सासूबाईंना परवा आपली शाळेतली गंमत सांगितली. तू मला शब्द सांगितला होतास ना, ती." मला बसवेना. मी आत जाऊन कार्ड आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं वाचलं. शेंग हातातच राहिली.

"ताई, मी नव्हतेच तिथे. तुझं तूच म्हटलंस सगळं. माझ्यामुळे तू म्हणायचं सोडलंस."

तिनं कार्ड उलटून टपालाचा शिक्का पाहिला. मग म्हणाली, "पण मला तुझा आवाज आठवतो गं. मानेला तुझा श्वास लागला होता. मला इतकं बरं वाटलं होतं, की ही आहे मागे."

"ते मीच सांगून सांगून तुझ्या डोक्यात घातलं."

"असेल," ती म्हणाली. "पण आता ते जात नाही."

मी रडायला लागले. तिला वाटलं, पश्चात्तापानं. तो होताच. पण खरं सांगायचं तर त्यातही हेवा होता. एकच खोटी आठवण दोघींकडे होती. माझ्याकडच्या आठवणीत मी जिंकले होते आणि तिच्याकडच्या आठवणीत तिला कुणीतरी सांभाळलं होतं. तिथेही तिचंच चांगलं निघालं.

मी तिला म्हटलं, "एकदा म्हणून दाखव ना ती कविता. सगळी."

तिनं पदराला हात पुसले आणि सुरुवात केली. आठ कडवी सरळ म्हटली. नवव्याला थांबली, आणि मान वळवून माझी वाट बघत राहिली.