खासदार मोजणारा मेस्त्री

चौक गावात जुन्या हायवेवर ज्याच्याकडे मी स्कूटर दुरुस्तीला नेतो, त्या मेस्त्रीइतकी लोकशाहीची काळजी तालुक्यात दुसरं कोणी करत नसेल. "आपल्या राज्याची लोकसंख्या केवढी, आन् खासदार किती?" असं म्हणत तो पान्हा उगारतो. "एका खासदारामागं लाखो माणसं! आपला आवाज पोचंल कसा रं?" गिऱ्हाइकानं मान डोलावल्याशिवाय तो नटाला हात लावत नाही.

लोकसभेच्या मतदानादिवशी मी तिथे हवा भरत होतो. तेवढ्यात समोर एक टेंपो बंद पडला. आत डोंगरातल्या वाडीवरची पंधराएक माणसं होती, मतदानाला निघालेली. केंद्र अजून तीन किलोमीटर लांब होतं.

"क्लचची वायर तुटलीय, तेवढी टाकून दे," ड्रायव्हर म्हणाला. "मतदान संपायला तासच उरलाय."

मेस्त्री खुर्चीतून हलला नाही. "आज नाय जमणार. आन् ह्या पंधरा मतांनी काय दिल्ली हालणार हाय?"

एक म्हातारी खाली उतरली. "चला गं, पायी जाऊ," एवढंच ती बोलली. तिला मी स्कूटरवर घेतलं. बाकीचे झपाझप चालत आले. वेळ संपायच्या आत सगळे रांगेत लागले.

परतताना मी गॅरेजपाशी थांबलो. मेस्त्री मोबाईलवर बातम्या बघत होता.

"लोकं घराबाहेरच पडली नायत," तो तुच्छतेनं म्हणाला. "अशांना कोण विचारणार?"

"तू दिलंस मत?"

"आज सुट्टी हाय ना रं," तो म्हणाला.