मनगट धरणाऱ्या मामी

तेलगावच्या मामींच्या घरात पाऊल टाकलं की आधी त्या आपलं मनगट धरायच्या. अंगठा आणि मधल्या बोटाचा वेढा घालायचा आणि बोटं एकमेकांना टेकली की कपाळाला आठ्या. "कावून वाळलास रे एवढा? खात न्हाईस का?" मग तुमची ढेरी सुटलेली का असेना, सुटका नव्हती. बशीत चहा ओतला जायचा. तो चहा कसला, पाकच! साखर कमी पडली तर पाहुणा बाहेर जाऊन काय म्हणेल, हीच त्यांना सदा धास्ती.

या परीक्षेत सगळ्यांत जास्त नापास व्हायचे ते आमचे मामाच. शेती बटईनं दिलेली, स्वतःचं बियाण्यांचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक. हातापायांच्या काड्या आणि मधे शर्टाची बटणं ताणणारं पोट. पोटाचं मामींना काहीच वाटत नसे. आमच्याकडे नवऱ्याचं पोट म्हणजे बायको नीट खाऊपिऊ घालते याची पावती. त्यांना खुपायचं ते मनगट. "माणूस लई झिजला दुकानापायी," म्हणत त्या दुकानात सारखा चहा धाडायच्या, सोबत खारी नाहीतर टोस्ट.

मधे कुणीतरी सांगितलं की तेलतूप काळजाला बाधतं. मामींनी तूप आणि शेंगदाण्याची चटणी बंद केली, सकाळची भाकरीही जड म्हणून काढून टाकली. त्या जागी साखर घातलेलं दूध आणि बिस्किटं आली. "हलकं हाय, बाधत न्हाई." हे सगळं त्यांनी जीव लावून केलं. तेव्हा मला त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

मामांना धाप लागायला लागली तेव्हा त्यांना बीडला नेलं. मी सोबत होतो. डॉक्टर सोनोग्राफी बघून म्हणाले, "चरबी हातापायांवर नाही, पोटात आत साठली आहे. आतड्यांभोवती आणि यकृतात. सारखा गोड चहा, मैद्याचं खाणं आणि वर बैठं काम. असलं खाणं बऱ्याचदा तिथेच जाऊन बसतं." मामींनी एकच विचारलं, "मग मनगट कावून वाळलं?" डॉक्टर म्हणाले, "हालचाल नाही, पोटात डाळ-शेंगदाणे नाहीत. मांस झडलं."

घरी येताच साखरेचा डबा माळ्यावर गेला. मामा पुन्हा भाकरी खाऊ लागले, सकाळी शेतापर्यंत पायी जाऊ लागले. कमरेचा पट्टाही आत सरकला. पण हृदय आधीच थकलं होतं, एका दुपारी ते दुकानातच गेले. एकट्या साखरेनं असं होत नाही, तंबाखू होती, घराण्यातही हे दुखणं होतं, असं डॉक्टरांनी मामींना समजावलं. आम्हीही सांगून थकलो. मामींचं एकच, "घास तर म्याच भरवला ना."

तेराव्याला गोड जेवण करायची रीत. माझी आई त्यांची नणंद. तिनं जिलबीचं ताट मामींच्या हातात दिलं, म्हणाली, "वहिनी, एक पंगत तरी वाढ." मामींनी ताट खाली ठेवलं. "या हातानं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. बाहेर पंगत त्यांच्यासाठी खोळंबली होती. शेवटी आईनंच वाढलं.

पुढे त्यांच्याकडे गेलं की भाकरी, मेथी, वरण मिळायचं, चहा बिनसाखरेचा. आग्रह गेला. कोण आलं, कोण गेलं, कुणाचंही मनगट त्या धरीनाशा झाल्या. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटायचं.

शेवटच्या भेटीत निघताना मी त्यांच्या पाया पडलो. उठताना त्यांचा हात माझ्या हातात आला. नुसती हाडं. माझी बोटं आपसूक वेढा घालून बसली आणि तोंडून निघून गेलं, "मामी, लई वाळलात."

त्यांनी हात ओढून घेतला. "मनगट नको धरू, बाबा. मनगट धरूनच म्या घात केला."

माझी गाडी वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. निरोपाला हात हलवला नाही. दोन्ही हात पदराखाली होते.