टोलेडोची नऊ पावलं

या सदरातले अनुभव मी चहा पिताना वाचते, आणि बहुतेक वेळा शेवटाला पोचायच्या आतच माझ्या मनात कारण तयार असतं – पाण्याचा पाइप, मांजर, अपुरी झोप. वीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेली मी बाई. ज्या गोष्टीचं वर्गीकरण होत नाही ती मी नीट पाहिली नसेल, असंच धरून चालायचे. म्हणून हे लिहू की नको यात तीन महिने गेले. आता जसं घडलं तसं सांगते.

माझा नवरा माधव मस्कतमध्ये एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होता. मी तिथल्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळेत, घर रुवीत – तिसरा मजला, वर गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. आम्हाला मूल नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही किल्ले बघायला जायचो... रुस्ताक, नखल, बहला. माधवला इमारत नुसती बघून चालत नसे, तिचा प्लॅन घरी यायला हवा. टेप लावून मोजायला कोण देणार? मग तो पावलांनी मोजायचा. त्याचं पाऊल बरोबर सत्तर सेंटिमीटर, ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये घटवलेलं. दर दहा पावलांना तो उजव्या हातातली अंगठी भिंतीवर एकदा ठोकायचा, की मी वहीत एक रेघ मारायची. कोपरा आला की दोन ठोके. वरची सुटी पावलं तो बोटांनी दाखवायचा. चार बाजू, दोन कर्ण, झालं. तोंडाने मोजायचं नाही, कारण त्याच्या मते बोललं की पाऊल लहान पडतं.

त्याच्या ऑफिसातले सलीमभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, मला चिडवायचे. "वहिनी, आम्ही अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या हाताखाली, तुम्ही माधवरावांच्या. आम्हाला निदान शुक्रवारी सुट्टी असते."

२०१४च्या मार्चमध्ये आम्ही स्पेनला गेलो. बारा वर्षं ठरवत होतो. सेव्हिल, कोर्दोबा, ग्रनाडा आणि शेवटी टोलेडो. कोर्दोबाच्या त्या खांबांच्या जंगलात माधव पहिली दहा मिनिटं काही मोजू शकला नाही, नुसता उभा राहिला. त्याला कमानी हव्या होत्या, मला चित्रं. पण दहा दिवसांत मी चित्रं पाहिली ती धावत, आणि रेघा मारल्या त्या बसून.

टोलेडोत शेवटच्या दुपारी आमचं वाजलं. एका चर्चमधलं एक चित्र मला निवांत बघायचं होतं. माधव म्हणाला, आधी त्या मठाचं अंगण करू, ते चारला बंद होतं.

"चित्र कुठे पळून जातंय?" तो म्हणाला.

"आणि अंगण पळतंय का?"

"अगं, चार कोपरे चार तऱ्हेचे आहेत. असं परत मिळायचं नाही."

मी गेले. कमानींखाली दगडी बाकावर बसले. त्याने पहिली बाजू मोजली, ती मी नीट लिहिली – तीन रेघा आणि चार. मग मला एकदम राग आला. वही मिटून बाजूला ठेवली, पिशवीतली कादंबरी काढली आणि वाचत बसले. ठोके ऐकू येत होते. मी मोजले नाहीत. बोटं दाखवत असेल तर तिकडेही पाहिलं नाही. तो परत येताना दिसला तेव्हा घाईने वही उघडून उरलेले पाच आकडे मनाने भरले.

"लिहिलंस?"

"हो."

चर्च तोवर बंद झालं होतं. ते चित्र राहिलंच.

मस्कतला परतल्यावर माधव रोज संध्याकाळी प्लॅन काढायला बसायचा. सेव्हिल जुळलं, कोर्दोबा, ग्रनाडा जुळलं. टोलेडो जुळेना. चार बाजू मांडल्या की एक कर्ण नऊ पावलांनी लांब पडायचा. त्याने कागद बदलले, पुन्हा ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन स्वतःचं पाऊल तपासलं. जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून विचारायचा, "नऊ पावलं कुठे गेली गं?"

मी म्हणायचे, "दमला होतास त्या दिवशी."

"असेल," तो म्हणायचा. पण आठवडाभराने पुन्हा तेच.

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण जितके दिवस गेले तितकं ते वाक्य जड झालं. पुढच्या जानेवारीत इब्रीजवळच्या साइटवर तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. टोलेडोचा कागद टेबलावर तसाच राहिला होता, वर त्याची पट्टी.

दिवसकार्य देवरुखला झालं. अंगठी सासूबाईंच्या कपाटात ठेवली. हे मुद्दाम सांगते आहे – अंगठी देवरुखलाच आहे, मी फोन करून दोनदा खात्री केली. मी फेब्रुवारीत परत आले, शाळेने नोकरी ठेवली होती.

मे महिन्यात ते सुरू झालं. शाळा सुटून मी दोनपर्यंत घरी यायचे. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पडदे ओढलेले, एसीचा आवाज. पावणेतीनच्या सुमाराला बेडरूमच्या दाराशी पाऊल वाजलं. मग दुसरं. एका लयीत, न घाई न रेंगाळणं. मला वाटलं वर कोणी चालतंय, मग आठवलं की वर टाक्या आहेत. पावलं हॉलमधून, माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. दिसलं काही नाही. दहाव्या पावलाला टक्. धातू दगडावर वाजतो तसा.

आमची जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकोणीस पावलांची. त्यापुढे खिडकी, आणि तीन मजले खाली गाड्या. मी नकळत मोजत होते. एकोणीस. वीस – टक्. एकवीस, बावीस... पावलं थांबली नाहीत. खिडकीपलीकडे, जिथे काहीच नाही तिथे, ती दूर दूर जात राहिली, आणि आवाज फरशीवरचा नव्हता, मोकळ्या दगडी अंगणात घुमतो तसा होता. तीस – टक्. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस. मग दोन ठोके.

मी चपला न घालता जिन्यात पळाले. रेलिंग इतकं तापलेलं होतं की हात भाजला, तरी धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना बोलावलं. ते दोन ते चार बसले, दोन वेळा चहा प्यायले. काही झालं नाही.

"वहिनी, गर्मी आहे, जागा रिकामी आहे. कॉम्प्रेसर असेल," ते म्हणाले. मग उठताना म्हणाले, "चार दिवस आमच्याकडे या. आमच्या हिला पण बरं वाटेल."

मी गेले नाही. आठवडाभर शाळेतच संध्याकाळपर्यंत बसून राहिले, नाहीतर दुकानांतून उगाच हिंडले. पण आकडा डोक्यातून जाईना. चौतीस. शेवटी वही काढली. सेव्हिल, कोर्दोबा, ग्रनाडाच्या पानांवर पहिल्या बाजूला चौतीस कुठेच नव्हते. टोलेडोच्या पानावर होते – तीन रेघा आणि चार. त्या पानावरचा एकमेव खरा आकडा.

ते वाचून मला जी भीती वाटली ती पावलांच्या आवाजाने वाटली नव्हती. तो काय मोजतो आहे ते मला कळलं होतं. आणि तो कुणाला ऐकवतो आहे, तेही.

सोमवारी मी हॉलमध्ये खुर्ची ठेवली, मांडीवर वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं. मनगट वहीला दाबून धरलं. पावणेतीनला पावलं आली. मी डोळे मिटले. ठोका पडला की रेघ, दोन ठोके पडले की नवी ओळ. बोटं दिसणार नव्हती, म्हणून सुटी पावलं स्वतः मोजली. भिंतीतून बाहेर गेली, डावीकडून कुठूनतरी आत आली, स्वयंपाकघर कापून गेली. चार बाजू. दोन कर्ण. शेवटचे दोन ठोके दारापाशी पडले. मला वाटलं, संपलं.

मग ती पुन्हा निघाली. या वेळी सावकाश, पाय न वाजवण्याचा प्रयत्न केल्यासारखी. दहाव्याला ठोका नाही. अकरा, बारा... माझ्या दिशेने. सतराव्या पावलाला ती माझ्या खुर्चीच्या मागे थांबली. मला मान वळवता आली नाही. श्वास नाही, वास नाही, काहीही नाही, फक्त तिथे कोणीतरी उभं आहे आणि माझ्या खांद्यावरून वहीत बघतं आहे, हे मला पाठीच्या कातडीने कळत होतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग सतरा पावलं परत गेली.

पुढच्या दिवशी ते आकडे सलीमभाईंना दिले. त्यांनी ऑफिसात कॉम्प्युटरवर मांडले आणि फोन केला. "खलास, वहिनी. जुळला प्लॅन. एक बोटभर फरक नाही. माधवराव वर्षभर डोकं फोडत होते... कुठे मिळाले हे आकडे?"

"पुन्हा मोजले," मी म्हटलं.

त्यांनी पलीकडे कागद उलटला. मग म्हणाले, "आणि हे सतरा कसले? दारापासून सतरा, असं लिहिलंय. तिथे काय आहे?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे, मला माहीत नाही असं मी म्हटलं. त्या संध्याकाळी माधवचा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला. स्पेनचे फोटो त्याने कमानींप्रमाणे लावून ठेवले होते, माणसं जवळजवळ नाहीतच. टोलेडोच्या फोल्डरमध्ये अगदी शेवटी एक फोटो होता, जो त्याने मला कधी दाखवला नव्हता. मठाचं अंगण, कमानींखाली दगडी बाक, बाकावर मी. पाठमोरी. फार तर दोन हातांवरून काढलेला. माझ्या हातात कादंबरी उघडी आहे. वही शेजारी, मिटलेली, पेन्सिल तिच्या तारेत खोचलेली.

तो आला होता. माझ्या मागे उभा राहिला होता, आणि तसाच परत दारापर्यंत जाऊन, मग समोरून आला होता. "लिहिलंस?" असं विचारायला.

त्यानंतर नऊ महिने, पोळीचा तुकडा हातात धरून, तो मला विचारत होता.

मी कारणं शोधली आहेत. ठोके मी त्या दिवशी न मोजताही कानांनी ऐकले होते, ते कुठेतरी साठून राहिले असतील, दुःखाने वर आले असतील. सलीमभाईंना हे पटतं. मला अर्धं पटतं. पाच आकडे, एका पावलाचीही चूक न होता, आणि ते मागून येणं, जे मी तेव्हा ऐकलंच नव्हतं... ते कुठे साठवलं होतं? मला सांगता येत नाही.

शेवटचं एवढंच. फोटो पाहिला त्याच्या दुसऱ्या दुपारी मी पुन्हा खुर्चीत बसले. पावणेतीन झाले. पावलं आली नाहीत. मी वाट पाहिली, आणि मग भिंतीकडे बघत मोठ्याने म्हटलं, "माधव, मी लिहिलं नव्हतं. मनाने भरलं. तुझं पाऊल बरोबर होतं."

एसी चालू होता. बराच वेळ काही नाही. मग माझ्या खुर्चीच्या पाठीवर, लाकडावर, एकच ठोका पडला. तो माझ्या हाडांपर्यंत गेला. मी ओरडले नाही, मागे पाहिलं नाही. इतकी वर्षं एक ठोका पडला की काय करायचं ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

मी वही उघडली आणि एक रेघ मारली.